एस्प्लनेड: एका चौकातून तंत्रज्ञानाचा अभ्यास

या पाठाचा उद्देश

'तंत्रज्ञान आणि समाज' या विषयात एक वाक्य वारंवार येते: तंत्रज्ञानामुळे जीवन बदलते. परीक्षेत ते लिहिले तर गुण मिळतात, पण त्यातून काही कळत नाही. नेमके काय बदलते आणि त्याची किंमत कोण देतो, हे पाहायचे तर एखादी खरी जागा घ्यावी लागते. या पाठासाठी आपण कोलकात्याचा एस्प्लनेड हा चौक घेऊ. शोध, पैसा, कला आणि विरंगुळा ही चारही सूत्रे तिथे जवळजवळ सापडतात.

१. जागेची ओळख

किल्ल्यासमोर मोकळी ठेवलेली सपाट जमीन म्हणजे एस्प्लनेड. फोर्ट विल्यमच्या तोफांना मारा करण्यासाठी समोर अडथळा नको, म्हणून मैदान मोकळे राखले गेले. मुंबईच्या किल्ल्याबाहेरही असेच एस्प्लनेड होते. आजची आझाद मैदान, ओव्हल ही मैदाने त्याचेच तुकडे आहेत. म्हणजे ज्या मोकळ्या जागेत आज मुले क्रिकेट खेळतात, ती तोफेच्या पल्ल्याने ठरवलेली आहे. पहिला धडा इथेच मिळतो: यंत्र कालबाह्य झाले तरी त्याने आखलेली जागा मागे उरते.

२७ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यातील पहिली विजेची ट्राम एस्प्लनेड ते खिदिरपूर धावली. २४ ऑक्टोबर १९८४ रोजी भारतातील पहिली मेट्रो एस्प्लनेड ते भवानीपूर या ३.४ किलोमीटर अंतरात सुरू झाली. मार्च २०२४ मध्ये हुगळी नदीखालून हावड्याकडे जाणारी मेट्रोही याच स्थानकातून सुरू झाली.

२. शोध: न जाता पोहोचणे

शोध म्हटले की आपल्याला जहाज किंवा अंतराळयान आठवते. पण कलकत्त्यातला एक मोठा शोध कागदावर लागला. त्रिकोणमितीय सर्वेक्षणात राधानाथ सिकदार मुख्य संगणक होते. त्या काळी 'संगणक' हे माणसाच्या पदाचे नाव होते. दूरवरून मोजलेले कोन, प्रकाशकिरणाचे वक्रीभवन आणि पृथ्वीची वक्रता यांचा हिशेब करून 'शिखर १५' ची उंची काढण्यात आली. १८५६ मध्ये ती २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली. त्या शिखरावर, म्हणजे एव्हरेस्टवर, माणसाचे पाऊल पडले ते १९५३ मध्ये.

आजचा शोध खालच्या दिशेने आहे. हुगळीखालचा बोगदा सुमारे ५२० मीटर लांब आहे आणि गाडी तो सुमारे ४५ सेकंदांत पार करते. इथली जमीन गाळाची आहे आणि भूजल फार वर आहे. पाण्याचा दाब दर १० मीटर खोलीला साधारण १ बारने वाढतो. म्हणजे ३० मीटर खोलीवर यंत्राच्या तोंडाशी नुसत्या पाण्याचाच दाब ३ बारच्या आसपास असतो. बोगदा खोदणारे यंत्र कापलेली माती पुढच्या कप्प्यात दाबून धरते आणि त्या दाबाने समोरचा दाब तोलते. माती काढण्याचा वेग वाढला तर कप्प्यातला दाब घटतो आणि वरची जमीन खचू शकते. वेग कमी पडला तर जमीन वर उचलली जाते. मागोमाग काँक्रीटच्या वक्र तुकड्यांची कडी बसते, सांध्यांत रबरी गॅस्केट असते आणि बाहेरच्या पोकळीत ग्राउट भरतात.

३. पैसा: एक पैसा आणि एक टोकन

घोड्याची ट्राम चालवणाऱ्याला घोडा उभा असला तरी दाणा-वैरण द्यावीच लागते. विजेच्या ट्रामला उभे असताना इंधन जवळजवळ लागत नाही. खर्चाची घडी अशी बदलल्यावर भाडे कमी ठेवता येते आणि नोकरीची जागा घरापासून लांब चालते. मग मात्र माणूस त्या भाड्याला बांधला जातो. जुलै १९५३ मध्ये लंडनमध्ये नोंदलेल्या कलकत्ता ट्रामवेज कंपनीने दुसऱ्या वर्गाचे भाडे एका पैशाने वाढवले. तेव्हा रुपयाचे ६४ पैसे होत. या एका पैशावरून शहरात मोठे आंदोलन पेटले आणि शेवटी वाढ मागे घ्यावी लागली. रक्कम लहान होती, पण दिवसातून दोनदा, महिनाभर, घरातल्या प्रत्येक कमावत्या माणसासाठी असा गुणाकार केला की ती लहान राहत नाही.

मेट्रोत आधी चुंबकीय पट्टीची कागदी तिकिटे होती, मग टोकन आले आणि आता क्यूआर तिकीटही आहे. टोकनमध्ये बॅटरी नसते. आत तारेचे वेटोळे आणि चिप असते. फाटकाजवळ नेले की वाचक-यंत्राच्या चुंबकीय क्षेत्रामुळे वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि चिप तेवढ्यापुरती जागी होते. बाहेर पडताना टोकन फाटकात जमा होते, म्हणून तेच पुन्हा वापरता येते. फोनवरच्या क्यूआर तिकिटात परत करायची वस्तूच नाही, पण प्रवाशाकडे चार्ज असलेला फोन लागतो. खर्च संपत नाही, तो एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो. कोणतीही 'बचत' मोजताना हे विचारायची सवय लावा.

४. कला: तीन मिनिटांची चौकट

नोव्हेंबर १९०२ मध्ये, विजेची ट्राम सुरू झाली त्याच वर्षी, फ्रेड गायस्बर्ग कलकत्त्यात ध्वनिमुद्रणासाठी आले आणि गौहर जान यांचा आवाज तबकडीवर उमटला. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे आणि हवेच्या कंपनाने सुई हलायची. तबकडीवर साधारण तीन मिनिटे मावत. तासभर रंगणारा ख्याल त्यात बसवायचा म्हणजे आलाप आटोपता घ्यायचा, बंदिश लवकर मांडायची आणि तान नेमकी जागा पाहून घ्यायची. गौहर जान गाण्याच्या शेवटी इंग्रजीत स्वतःचे नाव सांगत. यंत्राने कलेला कापले, हे खरे. पण ज्यांना मैफलीत बोलावणे नव्हते त्यांच्या घरातही ते गाणे पोहोचले, हेही तितकेच खरे.

चित्रपटाची गोष्ट अशीच आहे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती दाखवल्या गेल्या. त्या हॉटेलाच्या नावातही एस्प्लनेड होते. १९३५ मध्ये हॉलिवूडच्या मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीने एस्प्लनेडजवळ 'मेट्रो' चित्रपटगृह उघडले आणि १९३८ मध्ये मुंबईच्या धोबीतलावला त्याच नावाचे दुसरे. सत्यजित राय यांच्या 'महानगर' (१९६३) या चित्रपटाची सुरुवात ट्रामच्या दांडीने आणि वरच्या तारेने होते. ज्या ट्रामने माणसाला कामावर नेले, तीच पुढे कलेचा विषय झाली.

५. विरंगुळा: मोकळ्या वेळेचे वेळापत्रक

२९ जुलै १९११ रोजी मैदानावर मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरवून आयएफए शील्ड जिंकली. गर्दी एवढी की मागच्यांना सामना दिसत नव्हता. त्यांच्यासाठी पतंग उडवून गोलसंख्या कळवली जाई. संदेशवहनासाठी वीज लागतेच असे नाही, हे विद्युत शाखेच्या विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावे. विरंगुळा मात्र वाहनांवर अवलंबून असतो: शेवटची गाडी किती वाजता सुटते, यावर संध्याकाळ किती लांब हे ठरते.

६. किंमत कोण मोजतो

३१ ऑगस्ट २०१९ रोजी एस्प्लनेडहून सियालदहच्या दिशेने निघालेले 'चंडी' नावाचे यंत्र बौबाजारखाली पाण्याच्या थरात घुसले. पाणी आणि माती बोगद्यात आली, वरची जुनी घरे खचली, काही कोसळली आणि शेकडो लोकांना घरे सोडावी लागली. २०२२ मध्ये त्याच भागात पुन्हा पाणी शिरले. एस्प्लनेड ते सियालदह हा टप्पा शेवटी २२ ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झाला. नदी यंत्राने सुखरूप ओलांडली, घात झाला तो वस्तीखाली. भूगर्भ चाचणीची दोन छिद्रे जिथे घेतो, त्यांच्या मधली जमीन आपण अंदाजाने जोडतो, आणि त्या अंदाजाच्या वर कोणाचे तरी घर असते.

दुसरीकडे, सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने एस्प्लनेड–मैदान हा वारसा मार्ग सोडून बाकी ट्राम बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. मुंबईने हा निर्णय १९६४ मध्येच घेतला होता. रोजच्या कामाचे वाहन आता विरंगुळ्यापुरते उरत आहे.

स्वाध्याय

१. २० मीटर खोलीवर पाण्याचा दाब अंदाजे किती बार असेल? कप्प्यातला दाब त्याहून कमी राहिला तर काय होईल?

२. कागदी तिकीट, टोकन आणि क्यूआर तिकीट यांचा तक्ता करा: खर्च कोणाचा, कचरा कोणाचा, आणि कोण बाहेर राहतो?

३. आपल्या गावातील एक चौक निवडा. गेल्या ५० वर्षांत तिथे आलेले एक आणि गेलेले एक यंत्र शोधा. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून, त्यामुळे कोणाला लाभ झाला आणि कोणाचे नुकसान झाले, हे एका पानात लिहा.