पहिले पान टाकण्यापूर्वी

ब्रिजच्या डावात बोली संपून करार निश्चित झाला, डाव्या बाजूच्या प्रतिस्पर्ध्याने पहिली उतारी केली आणि भिडूची तेरा पाने डमी म्हणून टेबलावर उघडी मांडली गेली, की त्या क्षणापासून दोन्ही बाजूंच्या सव्वीस पानांचा संपूर्ण कारभार एकट्या डिक्लेअररच्या शिरावर येऊन पडतो. नवशिका खेळाडू नेमक्या याच घटकेला घाई करतो. उतारीच्या रंगाचा एक्का जवळ आहे एवढे पाहून तो टाकून मोकळा होतो आणि विचाराला आरंभ करतो तो दुसऱ्या हातापासून. पुष्कळसे डाव या पहिल्याच हाताला बुडालेले असतात. ते बुडाल्याचे ध्यानात येते मात्र दहाव्या-अकराव्या हाताला.

विचाराचा आरंभ कराराच्या आकड्यापासून करावा, याला खेळाच्या घटनेतच आधार आहे. आजच्या कॉण्ट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धती हॅरोल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकन गृहस्थांनी १९२५ साली, पनामा कालव्यातून जाणाऱ्या आगबोटीच्या प्रवासात सिद्ध केली. त्यापूर्वीच्या ऑक्शन ब्रिजमध्ये बोलीहून अधिक केलेले हातदेखील गेमच्या खाती जमा होत. नव्या पद्धतीने मात्र जेवढे बोलले असेल तेवढ्याचीच जमा गेमकडे धरण्याचे ठरले. तीन नो ट्रम्पच्या करारात नऊ हात करावे लागतात. पहिले सहा वगळून सातव्याचे ४० आणि आठव्या-नवव्याचे प्रत्येकी ३० मिळून १०० गुण, म्हणजे पुरी गेम होते. दहाव्या हाताने पदरी पडणार अवघे ३०. नववा हुकला तर गेम जाऊन वर दंड भरावा लागतो. म्हणून अधिकाचा मोह बाजूस ठेवून नऊ हातांची तजवीज लावणे हेच डिक्लेअररचे प्रथम कर्तव्य होय.

आता एक डाव प्रत्यक्ष पाहू. करार तीन नो ट्रम्पचा आहे. डमीत इस्पिकची सत्ती व चव्वी; बदामाचा राजा, अठ्ठी, तिर्री; चौकटचा एक्का, राणी, गुलाम, दश्शी, पंजी; आणि किलवरची सत्ती, छक्की, चव्वी अशी पाने आहेत. आपल्याजवळ इस्पिकचा एक्का, अठ्ठी, तिर्री. बदामाचा एक्का, सत्ती, चव्वी. चौकटची नव्वी, अठ्ठी, तिर्री. आणि किलवरचा एक्का, राजा, अठ्ठी, दुर्री. पश्चिमेच्या खेळाडूने उतारीला इस्पिकचा राजा टाकला आहे.

डमीचे एकही पान न हलवता प्रथम रोकड मोजावी. इस्पिकचा एक हात, बदामाचे दोन, किलवरचे दोन आणि चौकटचा एक, असे सहा हात कोणाच्याही मेहेरबानीवाचून आपले आहेत. उणे आहेत तीन. ते कोठून निघतील याचे उत्तर चौकटच्या लांब रंगात उघड दिसते. नव्वी पुढे करून चौकटचा फिनेस घ्यावा, म्हणजे पश्चिमेने राजा न टाकल्यास डमीचा एक्का न मारता नव्वीच चालू द्यावी. राजा पश्चिमेकडे असला तर पाचही हात मिळतात, आणि पूर्वेकडे असला तरी तो एक हात देऊन उरलेले चार वसूल होतात, म्हणजे इतर पाचांत मिळवून बरोबर नऊ. फिनेस फसला तरी करार पुरा होतो!

मग धोका कोठे आहे? धोका इस्पिकात आहे, आणि तो पाहण्यासाठीच पहिल्या हाताला थांबावयाचे. प्रतिपक्षाकडे इस्पिकची आठ पाने आहेत. ती पाच-तीन अशी वाटली जाण्याचा संभव शंभरात सुमारे ४७ आणि चार-चार अशी वाटली जाण्याचा सुमारे ३३ असतो. समजा, पश्चिमेकडे पाच व पूर्वेकडे तीन आहेत. आपण एक्का तात्काळ मारला, तर पूर्वेचा खेळाडू चौकटच्या राजाने हात घेताच इस्पिक परत खेळेल, पश्चिमेचा खेळाडू त्या रंगाचे चार हात ओढील, आणि पाच हात गमावून करार एका हाताने बुडेल. परंतु पहिल्या दोन फेऱ्यांना लहान पाने देऊन एक्का तिसऱ्या फेरीला मारला, तर पूर्वेजवळचे इस्पिक संपलेले असते. चौकटच्या राजाने तो आत आला तरी भिडूला देण्यासारखे इस्पिक त्याच्या हाती नसते, आणि पश्चिमेची उरलेली दोन इस्पिके निरुपयोगी होऊन बसतात. एकच फेरी थांबून भागत नाही, कारण पूर्वेकडे तेव्हा एक इस्पिक शिल्लक असते. इस्पिके चार-चार असली तर मात्र चिंता नाही. त्यांचे तीन आणि चौकटचा एक मिळून चारच हात जातात. हातातला एक्का दोनदा आवरून धरण्याला जे धैर्य लागते ते या हिशेबातून येते, आणि माझ्या मते ब्रिजचे खरे सौंदर्य येथेच प्रथम प्रत्ययास येते.

आणखी एक सावधगिरी हवी. बदामाचा एक्का व राजा आपलेच आहेत म्हणून ते आधी वाजवून घेण्याची हौस अनेकांना असते, तिला येथे आळा घालावा. पूर्वेकडे राजासह चौकटची तीन पाने असून तो खेळाडू जाणता असला, तर तो नव्वीवर राजा टाकणार नाही आणि दुसऱ्या फेरीच्या दश्शीवरही टाकणार नाही. आपण बदामाच्या एक्क्याने स्वतःच्या पानांकडे येऊन तिर्री खेळली की मग गुलामावर तो राजा घालील. या वेळी डमीत चौकटचा एक्का व राणी उरतात, आपल्याजवळ त्या रंगाचे पान उरत नाही, आणि तेथवर पोचण्याची वाट एकट्या बदामाच्या राजाची असते. तो आधीच खर्चला असेल, तर जिंकलेले दोन हात डोळ्यांसमोर पडून राहतात.

हुकमाच्या करारात हिशेब बहुधा उलट बाजूने, म्हणजे जाणाऱ्या हातांचा, मांडणे सोयीचे पडते. चार इस्पिकच्या करारात तीन हात गमावण्याची मुभा असते. चौथा जात असेल तर तो कोठे वाचवता येईल ते पाहावे. आपल्याकडे किलवरचा एक्का व दोन लहान पाने आणि डमीत त्या रंगाची दोनच पाने असली, तर तिसरे किलवर डमीच्या हुकमाने कापता येते. पण त्यासाठी प्रतिपक्षाचे हुकूम काढण्याच्या भरात डमीचे हुकूम संपवून टाकता कामा नये.

पुन्हा त्याच डावाकडे वळून त्यात एकच बदल कल्पावा. चौकटची पाच पाने आपल्याजवळ आणि तीन डमीत आहेत, आणि त्याबदल्यात आपली किलवरची अठ्ठी व दुर्री डमीकडे गेली आहेत. बाकी सर्व तसेच. आता फिनेस उलट्या दिशेने घ्यावा लागतो आणि फसला तर हात जातो पश्चिमेकडे, ज्याच्यापाशी इस्पिकचा लांब रंग तयार आहे. येथे पूर्वेचे इस्पिक संपवून काहीच साधत नाही. एक्का पहिल्या फेरीला मारला काय आणि तिसऱ्या फेरीला मारला काय, इस्पिके पाच-तीन असतील तर सारा भार चौकटचा राजा पूर्वेकडे असण्यावर राहतो.