निबंध धाडण्यापूर्वीं

निबंध साभार परत येणें हें कांहीं घरावरचें संकट नव्हे. पण संशोधनपत्रिकेकडून आमच्या धाकट्या वहिनींचा निबंध परत आला, त्या दिवशीं गिरगांवांतल्या आमच्या घरीं कोणी धड जेवलें नाहीं. दोन वर्षांचे श्रम होते. विषय ‘विविधज्ञानविस्तार’, हें मासिक मुंबईंत १८६७ सालीं निघालें व १९३७ पर्यंत चाललें.

विवेचन चांगलें असल्याचें परीक्षकांनींहि लिहिलें होतें. दोष होता तो उताऱ्यांत. ते मूळ अंकांतून न घेतां मागाहून निघालेल्या एका संग्रहांतून घेतले होते, आणि संग्रहकारानें १९६२ च्या नियमांस अनुसरून अनुच्चारित अनुस्वार गाळले होते. (आम्ही ते अद्याप देतों, हें वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल.) एवढ्याशा टिंबाचें काय, असें कोणी म्हणेल. पण टिंब गेलें कीं ‘तें’ चें ‘ते’ होतें. मग लेखक एका गोष्टीविषयीं बोलतो कीं अनेक माणसांविषयीं, हेंच कळेनासें होतें! अ. का. प्रियोळकरांनीं रघुनाथपंडिताचें ‘दमयंतीस्वयंवर’ १९३५ मध्यें संपादिलें, तें हस्तलिखितें ताडून पाहूनच.

वहिनींनीं मग मूळ अंकांचीं छायाचित्रें मिळविलीं. रात्रीं जेवणें आटोपल्यावर त्यांच्या सासूबाई, म्हणजे आमच्या मातोश्री, मूळ उतारा मोठ्यानें वाचतात; अनुस्वार आला कीं ‘टिंब’ म्हणतात. वहिनी आपल्या प्रतीवर बोट ठेवून पडताळतात, आणि वर्ष, अंक, पृष्ठ तेथल्या तेथें मांडतात. अकरा उतारे झाले. तीन उरले आहेत.