मॉरिशसच्या गंगेकाठीं एक दिवस

परदेश पाहून मनुष्य घरीं परतला कीं मंडळी त्यास पहिला प्रश्न हाच विचारतात कीं, "तेथें विशेष असें काय पाहिलेंत?" मॉरिशसहून आल्यावर मलाही तो पुष्कळांनीं विचारला. निळा समुद्र, प्रवाळाचीं बेटें, क्षितिजापर्यंत उसाचे मळे, हें सारें मीं पाहिलें. परंतु चाळीस वर्षें मुलांना शिकविणाऱ्या मला ज्या एका दिवसानें पुन्हां विद्यार्थी केलें, त्याची हकीकत वाचकांस सादर करावी असें वाटतें.

माझा पुतण्या नोकरीनिमित्त तेथें असतो. त्याच्या शेजारीं साखरकारखान्यांतून निवृत्त झालेले एक वृद्ध मराठी गृहस्थ राहतात. त्यांचे पूर्वज कोंकणांतून कराराचे मजूर म्हणून गेलेले. इंग्रजांनीं त्या बेटावर हिंदी मजूर नेण्यास १८३४ सालीं आरंभ केला, आणि पुढें सुमारें साडेचार लक्ष माणसें तेथें उतरलीं. पोर्ट लुई बंदरांतील ज्या सोळा पायऱ्या चढून हे लोक वर येत, त्या अद्यापि जपून ठेविल्या आहेत. या गृहस्थांची मराठी जुन्या वळणाची. मधूनच एखादा क्रेओल शब्द डोकावे. "गुरुजी, उद्यां तुम्हांला आमचा मुलूख दाखवितों," असें म्हणून त्यांनीं आम्हां उभयतांस भल्या पहाटे आपल्या मोटारींत बसविलें.

प्रथम गेलों तो गंगातलावावर. बेटाच्या दक्षिण भागांतील पठारावर, विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखांत हें सरोवर झालें आहे. भोंवतीं दाट झाडी, पाण्यावर धुकें, आणि कांठावर देवळें. जवळच २००७ सालीं उभारलेली १०८ फूट उंचीची शिवमूर्ति आहे. पूर्वीं यास परीतलाव म्हणत. १८९७ सालीं एका पुजाऱ्यास स्वप्न पडलें कीं, या पाण्याचा गंगेशीं संबंध आहे. पुढील वर्षापासून महाशिवरात्रीस यात्रा सुरू झाली. १९७२ सालीं प्रत्यक्ष गंगेचें जल आणून त्यांत मिसळलें. आतां शिवरात्रीस दूरदूरचे लोक खांद्यावर कांवड घेऊन पायीं येतात.

आमच्या सौ.नें पदर खोंचला, खालीं उतरून आचमन केलें आणि डोळ्यांस पाणी लाविलें. मी मात्र कांठावरच उभा राहिलों. "हें तर खड्ड्यांत सांचलेलें पावसाचें पाणी! यास गंगा कसें म्हणावें? शास्त्राला हें संमत नाहीं," असें बोलून गेलों.

यजमान क्षणभर गप्प राहिले. मग शांतपणें म्हणाले, "गुरुजी, शास्त्र तुम्हांला ठाऊक. आमचा बाप जन्मांत गंगेवर गेला नाहीं, त्याचा बापही नाहीं. बोटीला पैसा कुठला? मेल्यावर तोंडांत घालायला हेंच पाणी होतें." इतकें बोलून त्यांनीं एक बाटली भरून घेतली. मला उत्तर सुचलें नाहीं.

पुढें रस्ता काळ्या नदीच्या दऱ्यांकडे वळला. हें अरण्य १९९४ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. कड्यावरून पाहावें तों खालीं हिरवी खोल दरी, मध्यें शुभ्र धबधबे, आणि दूर समुद्राची रेघ. डोडो नांवाचा न उडणारा पक्षी याच बेटावरचा. माणसें आणि त्यांनीं आणिलेलीं जनावरें यांच्यामुळें तो सतराव्या शतकांतच नामशेष झाला. तीच गत आणखी पक्ष्यांची व्हावयाची. १९७४ सालीं येथील लहान ससाणा अवघा चार उरला होता; १९९१ च्या सुमारास गुलाबी कबुतरें दहांच्या आसपास होतीं. मग लोकांनीं अंडीं उबवून, पिलें हातांनीं भरवून, उंदरांमांजरांपासून राखून ही बीजें वांचविलीं. आज तीं कबुतरें शेंकड्यांनीं मोजतात. जें एवढ्या कष्टानें जपलें, तें या लोकांस पूर्वींहून अधिक आपलें वाटत असेल, असें मनांत आलें.

मध्याह्नीं शामारेल येथें अडीचशें फुटांहून उंच प्रपात पाहिला. शेजारींच प्रसिद्ध सप्तरंगी भूमि आहे. लाव्ह्याची माती होतांना लोह व ॲल्युमिनियम यांचे ऑक्साइड मागें राहिले, त्यांनीं तांबड्या, जांभळ्या, पिवळ्या छटांच्या लहान लहान लाटा उठल्यासारख्या दिसतात. एकही गवताची काडी त्यावर उगवत नाहीं.

घाट उतरून समुद्रकांठीं आलों, तों समोर ल मोर्न हा प्रचंड एकाकी डोंगर. मळ्यांतून पळालेले गुलाम याच्या कडेकपारींत लपून राहत. १८३५ सालीं गुलामगिरी बंद झाली. ती वार्ता सांगावयास शिपाई वर आले, तेव्हां आपणांस धरावयास आले असें समजून कित्येकांनीं कड्यावरून उड्या घेतल्या, अशी तेथील लोककथा आहे. यजमानांनीं मोटार थांबविली आणि टोपी काढून हात जोडले. त्या गुलामांशीं त्यांचें रक्ताचें नातें नव्हतें. "आमच्या आधीं हा ऊस त्यांनीं तोडला," एवढेंच ते म्हणाले.

समुद्राच्या कांठानें परततांना मला आठवण झाली ती माझ्या रोजच्या स्नानाची. पन्नासांहून अधिक वर्षें मी तांब्याभर नळाच्या पाण्यांत गंगायमुनादि सात नद्यांस आवाहन करीत आलों, आणि त्या खरोखर येतात असें मानीत आलों. तांब्यांत जी गंगा येते, ती सरोवरांत येत नाहीं असें म्हणण्याचा मला काय अधिकार? आवाहनाचा मंत्र माझ्या पाठांत होता. त्याचा अर्थ मात्र त्या ऊसतोड्या माणसांनीं जाणला होता.

सायंकाळीं यजमानांच्या घरीं दिवा लागला. गणपतीची मराठी आरती त्यांच्या लहान नातीनें न चुकतां म्हटली, जरी एरवीं ती क्रेओलमध्यें बोलते. आरती झाल्यावर मीं उजवा हात पुढें केला आणि म्हणालों, "आपल्या त्या बाटलींतील थोडें तीर्थ मला द्या."

यजमानांनीं कांहीं न बोलतां पळी भरली. आमची सौ. मात्र मागें उभी राहून हंसत होती.