केळीचा गारठा आणि विम्याचा पारा

डिसेंबर उजाडला की निफाडच्या गहू संशोधन केंद्रातील पारा वृत्तपत्रांत झळकू लागतो आणि गव्हाला थंडी मानवते म्हणून आपण समाधान मानतो. ते खरेही आहे. थंडी हळूहळू वाढली तर गहू पेशींत साखर साठवितो, पेशींच्या पटलांतील स्निग्ध घटक प्रवाही राखतो. जळगाव जिल्ह्यातील केळीला ही विद्या अवगत नाही. उष्ण, दमट प्रदेशातील या झाडाची वाढ 16 अंशांखाली जवळजवळ थांबते. पटले घट्ट होतात, मुळे पाणी ओढीनाशी होतात, आणि गारठलेल्या पानांवर सकाळचे लख्ख ऊन पडले की ते न पेलून पाने पिवळी पडतात. म्हणजे गारठा रात्रीचा, घाव दिवसाचा!

खरे दुखणे मात्र खोडाच्या पोटात असते. मृगबागेत घड आत आकार घेत असतानाच कडाका पडला, तर पुढे निसवताना तो खोडाच्या गळ्याशी अडकण्याची भीती असते. ऊब परतली की नवी पाने येतात, बाग हिरवी दिसते. घडाचे नुकसान काही भरून येत नाही. हवामानाधारित फळपीक विमा मात्र केंद्रावरील पाऱ्याचे सलग दिवस मोजतो. निरभ्र, निवाऱ्या रात्री सखल शेतात केंद्रापेक्षा अधिक गारठा साचतो, हे त्या पाऱ्याला कोण सांगणार? शेतकरी रात्री पाणी देतो, बांधावर शेकोट्या पेटवितो, घडांना पिशव्या घालतो. भरपाई ठरविताना निसवणीच्या वेळची बागेची पाहणीही ग्राह्य धरावयास हवी.