लिंबू-मिरची नको, फीलर गेज हवा!

जुन्या बुलेटची घरच्या घरी देखभाल : कुटुंबासाठी काही अनुभवाचे बोल

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. २० मार्चचा दिवस. महाडच्या चवदार तळ्यावर अभिवादन करून आम्ही पती-पत्नी आमच्या जुन्या बुलेटवरून वरंधा घाटाने, भोरमार्गे पुण्याकडे परत निघालो होतो. घाट अर्धा चढून झाला आणि गाडीचा जोर कमी होऊ लागला. इंजिन भट्टीसारखे तापले, दोन-तीन वेळा उलटे बार निघाले आणि गाडी बंद पडली. ढकलत ढकलत एका चहाच्या टपरीपाशी आणली. टपरीवाले काका म्हणाले, "नजर लागली भाऊ गाडीला. एक लिंबू अन् सात मिरच्या बांधा पुढं, बघा कशी पळतीया." आमच्या पत्नीने हसून उत्तर दिले, "काका, लिंबू द्या, पण सरबत करून द्या!"

काका बिचारे मनाने भले होते. त्यांनी सरबतही दिले आणि पैसेही घेतले नाहीत. पण त्या दिवशी गाडी लिंबाने चालू झाली नाही, हे सांगण्यासाठीच हा लेख.

कारण असते, म्हणून उपाय असतो

त्याआधी महिनाभर गाडी अधूनमधून अशीच अडत होती. गॅरेजमध्ये दाखवली तेव्हा कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला, आठवड्याच्या मजुरीएवढे पैसे गेले आणि दुखणे जसेच्या तसे राहिले. घाटात मात्र दुसरा कोणी नव्हता. गाडी निवू दिली. सिलिंडरच्या मागची गोल टोपी उघडली आणि आतले पॉइंट पाहिले. त्यांच्यातली फट जवळजवळ मिटलेली होती.

पॉइंट म्हणजे दोन लहान संपर्क. ते एकमेकांपासून सुटतात त्याच क्षणी कॉइलमध्ये मोठा दाब तयार होतो आणि प्लगमध्ये ठिणगी पडते. पॉइंटची फायबरची टाच कॅमवर सतत घासत असते. ती झिजली की फट कमी होते, ठिणगी उशिरा पडते, इंजिन तापते, ताकद जाते आणि शेवटी ठिणगीच मरते. नजर वगैरे काही नाही, झिजलेली टाच! या गाडीला ही फट साधारण ०.३५ ते ०.४० मिलीमीटर लागते. जवळ गेज नव्हता. खिशात एक जाडसर व्हिजिटिंग कार्ड होते. पॉलिश पेपरच्या तुकड्याने पॉइंट साफ केले, ते पूर्ण उघडतील असे इंजिन फिरवून कार्डाच्या अंदाजाने फट बसवली, स्क्रू आवळला. तिसऱ्या किकला गाडी बोलू लागली.

तथागतांनी दुःख सांगितले, पण ते तेथे थांबले नाहीत. दुःखाला कारण आहे, कारण दूर केले की दुःख दूर होते आणि त्यासाठी मार्ग आहे, हेही सांगितले. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांसोबत आपल्या वाडवडिलांनी जुनी कर्मकांडे सोडली ती याच विचाराने. मग दसऱ्याला गाडीला हार घालून तिच्यापुढे नारळ फोडायचा आणि वर्षभर तेल मात्र पाहायचे नाही, हे आपल्या घरात कसे शोभेल? आमच्या घरी अशोक विजयादशमीच्या आदल्या रविवारी गाडीची पूर्ण तपासणी होते. तीच तिची सेवा.

कोणती ही गाडी?

मद्रासला १९५५ साली एनफिल्डचा कारखाना उभा राहिला आणि बुलेट आपल्या देशात तयार होऊ लागली. लष्करात, पोलिसांत ती वर्षानुवर्षे धावली. ओतीव लोखंडी इंजिन, ३४६ सी.सी., एकच सिलिंडर, त्याचा व्यास ७० मिलीमीटर आणि दट्ट्याचा फेरा ९० मिलीमीटर. लांब फेऱ्यामुळे ती सावकाश पण ताकदीने ओढते. म्हणूनच पुण्याहून दीक्षाभूमीपर्यंतचे सातशे किलोमीटर दोन माणसे आणि सामान घेऊन ती जाऊ शकते. अशी इंजिने आता कारखान्यातून निघत नाहीत. पण सुटे भाग मिळतात, आणि यातले बरेचसे काम साध्या हत्यारांनी दारात बसून करता येते.

एक सावधगिरी आधीच सांगतो. या जुन्या गाडीत गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला असतो. नव्या गाडीची सवय असलेल्या पोराने घाईत ब्रेक म्हणून गिअर दाबला तर अनर्थ होईल. भाच्या-पुतण्यांच्या हाती गाडी देण्याआधी मोकळ्या मैदानात सराव करून घ्यावा.

महिन्यातला एक रविवार

हत्यारे थोडीच लागतात : रिंग पान्यांचा संच, प्लग पाना, पकड, दोन स्क्रू ड्रायव्हर आणि फीलर गेज. फीलर गेज म्हणजे ठरावीक जाडीच्या पोलादी पात्यांचा जुडगा. तो महाग नसतो. जुन्या गाडीत काही नट इंची मापाचे असतात. त्यांना मिलीमीटरचा पाना 'जवळजवळ' बसतो आणि नटाचे कोपरे गोल करून टाकतो. 'जवळजवळ' बसणारा पाना वापरू नका.

तेल : या गाडीची तेलाची टाकी इंजिनाच्या पोटातच असते. सव्वादोन लिटरच्या आसपास तेल बसते. गाडी बरेच दिवस उभी राहिली की तेल टाकीतून खाली झिरपते आणि काडीवर पातळी कमी दिसते. घाबरून वरून तेल ओतू नका. इंजिन काही मिनिटे चालवा, मग पाहा. तेल बदलताना इंजिन कोमट असावे आणि फिल्टरही बदलावा. त्याच्या स्प्रिंग-वायसर ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने कागदावर मांडून ठेवा म्हणजे परत बसवताना चूक होत नाही.

टॅपेट : हे काम इंजिन पूर्ण थंड असतानाच करायचे. दट्ट्या दाबाच्या फेरीत वरच्या टोकाला आणून उजव्या अंगाचे झाकण काढा. आतील पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. मूल पहिल्याच प्रयत्नात शिकेल इतके हे सोपे आहे.

प्लग आणि पॉइंट : प्लगची फट अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास ठेवा. प्लगच्या टोकाचा रंग पाहायला शिका. फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते. ओले तेलकट काळे असेल तर तेल वर येते आहे. पांढरा फटक असेल तर इंजिन तापते आहे.

चेन : चाक फिरवून चेनची सर्वांत ताठ जागा शोधा आणि तेथे साधारण एक इंचाचा ढिलेपणा ठेवा. दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरचे खाचे मोजून सारखे ठेवा, नाहीतर चाक तिरके बसेल. जोडकडीच्या क्लिपचे बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला असावे. उलटे बसवले तर क्लिप वाटेतच निघून जाऊ शकते.

बॅटरी : आपली गाडी सहा व्होल्टची की बारा व्होल्टची हे पाहूनच बल्ब आणा. पाणी भरण्याची बॅटरी असेल तर नळाचे पाणी घालू नका, डिस्टिल्ड पाणीच घाला.

पेट्रोल : आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. ते ओलावा ओढून घेते आणि जुन्या रबरी नळ्या, वायसर त्याने खराब होऊ शकतात. नळी हाताने दाबून पाहा. ती कडक झाली असेल, तडे दिसत असतील, तर लगेच बदला. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटरमधले पेट्रोल काढून टाका. जेट साफ करायला तार घालू नका, भोक मोठे होते.

चाळीतल्या दारात काम करताना

आपली घरे लहान, शेजार दाटीचा. म्हणून काही नियम कडक पाळावे लागतात. पेट्रोलचे काम उघड्यावर करा आणि जवळ स्टोव्ह, मेणबत्ती, विडी काही नको. भाग धुवायला पेट्रोल वापरू नका, रॉकेल किंवा डिझेल पुरते. बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नका. त्या धुरातला विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो, आणि माणूस झोपेतच जातो. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ड्रममधली धूळ तोंडाने फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. जळके तेल गटारात ओतू नका. डब्यात साठवून भंगार तेल घेणाऱ्याला द्या.

क्रँक, बेअरिंग, सिलिंडर बोअर ही कामे घरची नव्हेत. ती लेथ असलेल्या जाणकार कारागिरालाच द्यावीत. पण आपल्याला गाडी कळत असली की त्याच्याशी बोलणेही नीट होते आणि उगाच कॉइल बदलली जात नाही.

हात काळे झाले तर काय बिघडले?

काही घरांतून आम्ही ऐकतो, "पोरगा शिकला, आता त्याने ग्रीसमध्ये हात का घालावे?" बंधू-भगिनींनो, हातांनी काम करणाऱ्याला हलका मानणे ही कोणाची शिकवण आहे? बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिभेद निर्मूलना'त दाखवून दिले, की जातीने नुसती कामे वाटली नाहीत तर कष्टकऱ्यांनाच एकमेकांच्या वर-खाली रचून ठेवले. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते, आणि कामगारांना तंत्रशिक्षण मिळणे त्यांना महत्त्वाचे वाटत होते. पुस्तक आणि पाना यांचे वैर नाही. आणि पाना फक्त मुलाच्याच हाती का? आमच्याकडे हिशेबाची वही पत्नीकडे असते : कोणत्या तारखेला, किती किलोमीटरला तेल बदलले, काय खर्च झाला. फीलर गेज लेकीकडे.

शेवटी एक कबुली. गेल्या वर्षी पुन्हा २० मार्चला महाडला जायचे ठरले. आदल्या रविवारी आम्ही इंजिन मोठ्या हौसेने तपासले. तेल, टॅपेट, पॉइंट, सारे चोख. पहाटे सामान बांधले, गाडी पहिल्या किकला सुरू झाली आणि आमची छाती फुगली. लेक म्हणाली, "पप्पा, थांबा जरा." तिने पुढच्या ब्रेकची मूठ दाबून धरली, रबरी टोपी मागे सारली आणि बोटाने दाखवले. केबलच्या टोकाशी, निपलजवळ, तीन तारा तुटून मिशांसारख्या बाहेर आल्या होत्या. उरलेल्या तारांवर आम्ही घाट उतरणार होतो, मागे तिची आई बसवून.

आम्ही म्हणालो, "सावकाश जाऊ, मागचा ब्रेक आहे." ती म्हणाली, "मागच्या वेळी काकांना लिंबू बांधू दिलं नाहीत. मग आता कशाच्या भरवशावर निघालात?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. लिंबाची जागा आमच्या हौसेने घेतली होती. इंजिनाचा आवाज लोक ऐकतात म्हणून आम्ही ते पाहिले. ब्रेकची केबल कोणाला दिसत नाही म्हणून पाहिली नाही. त्या दिवशी गाडी दारातच राहिली. आम्ही तिघे एस.टी.ने महाडला गेलो, तळ्यावर अभिवादन केले आणि रात्री घरी परतलो. दुसऱ्या दिवशी नवी केबल लेकीने स्वतः बसवली.

तेव्हापासून आमच्या वहीत पहिली ओळ ब्रेकची असते. इंजिन त्यानंतर. आपणही तसेच करावे, ही विनंती.

जय भीम!