राउटर-लिफ्टचे दोषनिदान : एक पद्धतिविचार

यंत्र बिघडले की दुरुस्तीच्या आधी एक वाक्य जन्माला येते. ‘लिफ्ट बिघडली’, ‘लिफ्ट सरकते’, ‘लिफ्ट अडते’ ही अशी वाक्ये होत. बोलणाऱ्याच्या दृष्टीने ती पुरेशी असतात. निदान करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ती अपुरी ठरतात. कारण त्यांत कर्त्याच्या जागी संपूर्ण यंत्र उभे केलेले असते, आणि प्रत्यक्ष दोष त्या यंत्राच्या एखाद्याच सांध्यात दडलेला असतो. प्रस्तुत लेखात लाकूडकामाच्या कारखान्यातील राउटर-लिफ्ट या साधनाचे दोष कसे शोधावेत, याचे विवेचन करावयाचे आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकांना हा विषय परका वाटणे साहजिक आहे. परंतु येथे उपयोगी पडणारी पद्धत त्यांच्या नित्य परिचयाची आहे, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

१. साधनाची रचना

राउटर हे सुतारकामातील विजेवर चालणारे कोरणयंत्र होय. संगणकजालात संदेशांना वाट दाखविणाऱ्या उपकरणालाही आपण राउटरच म्हणतो. ब्रिटिश इंग्रजीत या दोहोंचे उच्चार भिन्न आहेत, मराठीने मात्र दोहोंसाठी एकच रूप स्वीकारले. येथे अभिप्रेत आहे तो सुताराचा राउटर. त्याच्या मोटरच्या आसाला कोलेट नावाची, चिरा पाडलेली नळी असते. तिच्यावरील नट आवळला की ती आकसते आणि बिटाची दांडी घट्ट धरते. बिट मिनिटाला सामान्यतः दहा ते पंचवीस हजार फेरे घेते व लाकडात खाच किंवा कंगोरा कोरते.

हातात धरून चालवावयाचे हेच यंत्र उलटे करून टेबलाखाली टांगले, म्हणजे बिट टेबलाच्या पृष्ठभागातून वर डोकावते आणि कारागीर लाकूडच त्यावरून सरकवीत नेतो. अशा वेळी खाचेची खोली बिट किती वर आले आहे यावर ठरते. दर वेळी टेबलाखाली वाकून मोटर वरखाली करणे त्रासाचे आणि अचूकतेला बाधक. म्हणून लिफ्टची योजना झाली. टेबलात बसविलेली धातूची जाड प्लेट, तिच्याखाली उभे खांब, त्या खांबांवरून वरखाली होणारा व मोटरला कवेत धरणारा ठोकळा, आणि त्या ठोकळ्यातील नटातून जाणारे मळसूत्र, असे तिचे मुख्य घटक होत. मळसूत्र वरून दांडा घालून फिरविता येते. हव्या त्या उंचीवर ठोकळा पक्का करण्यासाठी बहुधा एक लॉकही असते. मळसूत्राला इंचात १६ आटे असतील, तर एका फेऱ्यात ठोकळा १/१६ इंच, म्हणजे सुमारे १.५९ मिलिमीटर चढतो. सुताराच्या मापात हा अर्धा सूत झाला. फेऱ्याच्या दशांशाने उंचीत सुमारे ०.१६ मिलिमीटर फरक पडतो. एवढ्या सूक्ष्म मापाची अपेक्षा असल्यामुळेच लहानसा दोषही येथे खपत नाही.

२. तक्रारीचे पृथक्करण

‘बिघडली’ या एका क्रियापदाखाली निदान चार वेगळ्या तक्रारी एकवटलेल्या असतात : (अ) दांडा फिरतो, पण ठोकळा हलत नाही, (आ) दांडा जड जातो, (इ) लावलेली उंची काम चालू असता टिकत नाही, (ई) बिट काटकोनात उभे राहत नाही. मराठीत या प्रत्येकीसाठी निराळे क्रियापद सहज सापडते. आटे झिजले की दांडा नुसताच फिरतो. भुसा साचला की ठोकळा अडतो. पकड सैल झाली की बिट निसटते. वजनाने ठोकळा खचतो. खांब सैल झाले की मोटर डुलते. कारागिराच्या तोंडी ही क्रियापदे असतातच. तक्रार नोंदविणाऱ्याने ती जशीच्या तशी टिपून घ्यावीत; त्यांच्या जागी ‘नादुरुस्त’ असा सर्वसमावेशक शब्द घालून मूळची माहिती पुसून टाकू नये.

३. एकभेदात्मक जोड्या

‘काल’ आणि ‘काळ’ हे शब्द एकाच स्थानी भिन्न आहेत. तेवढ्या फरकाने अर्थ बदलतो, म्हणून ‘ल’ आणि ‘ळ’ हे मराठीत स्वतंत्र वर्ण ठरतात. त्रुबेत्स्कॉय यांच्या १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या वर्णविचारविषयक ग्रंथापासून ही रीत अभ्यासकांच्या अंगवळणी पडलेली आहे. तिचे मर्म असे की, एक वगळता बाकी सर्व घटक स्थिर ठेवावेत. एकाच वेळी दोन घटक बदलले, तर परिणाम कशाचा हे सांगता येत नाही. कारखान्यात मात्र नेमके हेच घडते. घाईत वंगणही घातले जाते, स्क्रूही आवळले जातात आणि बिटही बदलले जाते. दोष तात्पुरता नाहीसा होतो, पण तो कोठे होता हे अज्ञात राहते. साहजिकच तो परत येतो.

आता ही पद्धत क्रमाने लावून पाहू. कोणत्याही तपासणीपूर्वी विजेची जोडणी काढलीच पाहिजे. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही.

पहिल्या तक्रारीत दांडा फिरवीत असता मळसूत्राचे खालचे टोक पाहावे. दांडा फिरतो पण ते टोक स्थिर राहते, असे दिसल्यास दोष दांडा व मळसूत्र यांच्या जोडणीत आहे. बहुधा तेथील बारीक दाबस्क्रू सैल झालेला असतो. टोक फिरते पण ठोकळा जागचा हलत नाही, असे दिसल्यास नटाचे आटे गेले आहेत, किंवा नट ठोकळ्यातून सुटून मळसूत्राबरोबर फिरत आहे.

दुसऱ्या तक्रारीत प्रथम लॉक पूर्ण सोडले आहे की नाही ते पाहावे. नंतर तोच प्रयोग मोटर काढून करावा. वर चढविताना वजनामुळे दांडा थोडा जड जाणे स्वाभाविक आहे. तो दोष नव्हे. मोटर काढल्यावरही जडपणा राहिला, तर तो कोठे जाणवतो हे पाहावे. एकाच ठिकाणी जाणवत असेल तर आट्यांत भुसा दाटला असावा किंवा खांबाला ओरखडा असावा. एका टोकाकडे वाढत जात असेल तर खांब परस्परांना समांतर नसावेत. येथे तेल ओतण्याचा मोह टाळावा. ओल्या तेलात भुसा मिसळून त्याचा चिकट लगदा होतो, आणि आज सुटलेला ठोकळा काही दिवसांनी अधिकच अडतो. आटे ब्रशाने स्वच्छ करून, उत्पादकाने सांगितले असेल ते कोरडे वंगण वापरणे इष्ट.

तिसरी तक्रार सर्वांत महत्त्वाची आहे, आणि सर्वांत फसवीही. उंची बदलू शकेल असे सांधे तीन : बिट व कोलेट, मोटर व ठोकळा, ठोकळा व मळसूत्र. खाच कोणत्या दिशेने चुकली हा पहिला धागा होय. शेवटाकडे खाच उथळ झाली असेल, तर काहीतरी खाली आले आहे. मोटर पकडीतून घसरली असावी किंवा ठोकळा खचला असावा. खाच खोल होत गेली असेल, तर काहीतरी वर आले आहे. अशा वेळी पहिला संशय कोलेटचा. पीळदार बिटांपैकी जी भुसा मोटरकडे ओढून घेतात, ती स्वतः मात्र कोलेटमधून बाहेर ओढली जातात. उलट्या टांगलेल्या राउटरात बाहेर म्हणजे वर.

परंतु दिशा हा केवळ संशयाचा आधार आहे. निर्णय खुणांनी करावा. बिटाच्या दांडीवर कोलेटच्या तोंडाशी एक बारीक रेघ ओढावी. मोटरचे अंग व ठोकळा यांवरून दुसरी सलग रेघ काढावी. मळसूत्राच्या माथ्यावर व प्लेटवर समोरासमोर खुणा कराव्यात, आणि प्लेट व ठोकळा यांतील अंतर मोजून लिहून ठेवावे. मग टाकाऊ लाकडावर नेहमीसारखी खाच पाडून, वीज तोडून पुन्हा पाहावे. जी खूण मोडली तेथे दोष. अंतर बदलले आणि मळसूत्राच्या खुणाही सरकल्या, तर कंपनाने मळसूत्रच फिरले. म्हणजे लॉक दुबळे. अंतर बदलले पण खुणा जागच्या जागी, तर आट्यांत किंवा मळसूत्राच्या आधारात ढिलाई आहे. ठोकळा खाली आणून थांबविल्यास तो घर्षणाने क्षणभर तरंगतो व कंपन सुरू होताच उरलेल्या पोकळीत खचतो. यावर साधा उपाय म्हणजे हव्या उंचीच्या खाली जाऊन शेवटची हालचाल नेहमी वर चढवीत करणे. त्यामुळे वजन आट्यांच्या एकाच बाजूवर टेकलेले राहते.

चौथ्या तक्रारीत कोलेटमध्ये एक सरळ, गोल गज धरून त्याला प्लेटवर टेकविलेला गुण्या लावावा. एकदा ठोकळा खाली असता, एकदा वर असता. दोन्ही वेळी चूक सारखीच असेल तर मोटरची बैठक तिरपी आहे. उंचीबरोबर चूक बदलत असेल तर दोष खांबांत शोधावा. काही रचनांत अनेक मळसूत्रे साखळीने जोडलेली असतात. तेथे साखळी एक दाता सुटली तरी ठोकळा कलतो.

४. भेदलोप

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेतली पाहिजे. ‘जरा’ असे लिहिलेले रूप थोडेपणाचे वाचक आहे की वार्धक्याचे, हे नुसत्या लेखनावरून कळत नाही. उच्चारातला भेद लिपीत लोपलेला असतो. राउटर-लिफ्टमध्येही असा लोप घडतो. बिट कोलेटमधून वर निसटत असेल आणि त्याच वेळी ठोकळा तितकाच खचत असेल, तर खाचेची खोली बरोबर भरते. कारागीर यंत्र निर्दोष मानतो. खुणा मात्र दोन ठिकाणी मोडलेल्या असतात. म्हणून केवळ अंतिम माप जुळले यावरून प्रत्येक सांधा शाबूत आहे असे अनुमान काढणे सर्वथा चुकीचे होय.

ही चूक केवळ तार्किक नाही. अर्धा इंच व्यासाच्या बिटाची धार मिनिटाला २०,००० फेऱ्यांना सेकंदाला सुमारे १३ मीटर धावते. साडेतीन इंच व्यासाच्या बिटाची धार त्याच गतीला ९३ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३३५ किलोमीटर वेगाने जाईल. म्हणूनच अशी मोठी बिटे पुष्कळ कमी फेऱ्यांवर चालवावी लागतात. असे बिट कोलेटमधून सुटले तर लाकूड वाया जाण्यावर भागत नाही, हाताला व डोळ्यालाही इजा होऊ शकते. बिट निसटत असता ‘लिफ्ट सरकते’ एवढेच नोंदविले गेले, तर नवी लिफ्ट विकत आणली जाईल आणि झिजलेला कोलेट तसाच राहील. कोलेटची व्यवस्था तर अगदी थोडक्यात होते : तो आतून स्वच्छ असावा, दांडी त्याच्याच मापाची असावी, अर्ध्या इंचाच्या कोलेटात १२ मिलिमीटरची दांडी कदापि घालू नये, आणि बिट तळापर्यंत टेकवून मग सूतभर वर उचलून नट आवळावा. एवढे करूनही पकड टिकली नाही, तर कोलेट बदलावा.

५. समारोप

तात्पर्य, दोषनिदानाचा आरंभ पान्यापासून न होता तक्रारीच्या वाक्यापासून होतो. त्या वाक्यातील कर्ता नेमका कोणता घटक आहे, क्रिया कोणती, ती केव्हा व कोणत्या दिशेने घडते, हे निश्चित झाले की तपासणीची वाट पुष्कळ आखडते. मग एक घटक बदलावा, बाकीचे स्थिर ठेवावेत, आणि आढळले ते तारखेसह वहीत उतरवावे. ज्या अभ्यासकांना तांत्रिक मराठीचा विचार करावयाचा आहे, त्यांनी यंत्रांच्या भागांची नावे गोळा करण्याबरोबरच बिघाडाची क्रियापदेही गोळा करावीत. भागाची नावे पुष्कळदा परभाषेतून उसनी येतात. पण अडणे, निसटणे, खचणे, डुलणे यांतील सूक्ष्म भेद कारागिराच्या बोलीने आधीच करून ठेवलेले आहेत, आणि दुरुस्तीच्या वेळी खरे काम तेच करतात.