रूझवेल्ट यांची ‘सनशाईन स्पेशल’ : चेसिस लिंकनची, बॉडी मात्र बग्गीवाल्यांच्या परंपरेतली!

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची गाडी म्हटलं की आज डोळ्यासमोर येते ती काळीकुट्ट ‘बीस्ट’. जाडजूड काचा, घट्ट बंद दारं आणि आत कोण बसलंय याचा बाहेरून पत्ता नाही.

पण १९३९ साली व्हाईट हाऊसला मिळालेल्या लिमोझिनचं काम याच्या नेमकं उलट होतं. आत बसलेला माणूस लोकांना दिसला पाहिजे, हीच तिची पहिली अट.

ती गाडी म्हणजे लिंकन कंपनीची ‘सनशाईन स्पेशल’. आणि ती बापरायची सवय होती राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना.

हे नाव कसं पडलं?

रूझवेल्ट यांना टप उघडा ठेवून फिरायला आवडायचं. ऊन अंगावर घेत जाणारी गाडी, म्हणून ‘सनशाईन स्पेशल’.

पण उघड्या गाडीमागे आणखी एक कारण होतं. १९२१ साली, वयाच्या ३९ व्या वर्षी रूझवेल्ट यांना पोलिओसारख्या आजाराने गाठलं. त्यानंतर आधाराशिवाय त्यांना चालता येत नव्हतं. व्हीलचेअरवरचे त्यांचे फोटोही फारच कमी आहेत. उघड्या मोटारीत बसलं की मात्र उभं राहण्याचा, चालण्याचा प्रश्नच येत नव्हता. हजारोंच्या गर्दीत जाता यायचं, हात हलवता यायचा, बसल्या जागेवरून बोलताही यायचं.

म्हणजे ही गाडी त्यांच्यासाठी एक प्रकारे फिरतं व्यासपीठच होती.

मग ती बांधली कुणी?

आता तुम्ही म्हणाल, लिंकनची गाडी म्हणजे लिंकननेच बांधली असणार. तर तसं नाही.

त्या काळी श्रीमंत गिऱ्हाईक बऱ्याचदा कंपनीकडून नुसती चेसिस घ्यायचं. म्हणजे सांगाडा, इंजिन, चाकं आणि स्टेअरिंग. वरची बॉडी बांधायला ती दुसऱ्याकडे जायची. आपल्याकडे एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये विकत आणलेल्या चेसिसवर बसची बॉडी चढवली जाते ना, तत्त्व तेच.

बॉडी बांधणाऱ्यांना तिकडे ‘कोचबिल्डर’ म्हणायचे. कोच म्हणजे घोड्याची बग्गी. यातली बरीच घराणी मुळात बग्ग्या बनवणारीच होती. न्यूयॉर्कच्या ब्रूस्टर कंपनीची सुरुवात तर १८१० सालची, म्हणजे मोटारीचा शोधही लागला नव्हता तेव्हाची.

घोडे गेले, मोटारी आल्या, पण हात तेच राहिले. सुतार ॲश लाकडाची चौकट जोडायचा, पत्र्याचा कारागीर हातोडीने ठोकून त्यावर पत्रा बसवायचा, रंगारी एकावर एक हात देत घासून चकाकी आणायचा आणि शेवटी गादीकाम व्हायचं.

‘सनशाईन स्पेशल’ची बॉडी बांधली बफेलो शहरातल्या ब्रन अँड कंपनीने. हर्मन ब्रन यांनी १९०८ साली ती सुरू केली होती. त्यांच्या घरातही बग्गीचाच धंदा होता.

लिंकन ‘मॉडेल के’ची चेसिस लांबवून पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर १६० इंच, म्हणजे चार मीटरच्या वर केलं गेलं. पुढे १२ सिलिंडरचं, १५० हॉर्सपॉवरचं इंजिन. अंगरक्षकांना उभं राहता यावं म्हणून दोन्ही बाजूंना रुंद पायऱ्या आणि धरायला दांडे.

पर्ल हार्बरनंतर सगळं बदललं

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अमेरिका युद्धात उतरली. १९४२ साली गाडी पुन्हा कारखान्यात गेली. दारांमध्ये चिलखती पत्रे बसले, काचा जाड झाल्या, टायर बुलेटप्रूफ झाले. समोरची जाळी आणि मडगार्डही त्या वर्षीच्या मॉडेलसारखे केले गेले. वजन चार टनांच्या पुढे गेलं.

१९४५ मध्ये रूझवेल्ट गेले. त्यानंतर ट्रुमन यांनीही ही गाडी वापरली आणि १९५० साली ती निवृत्त झाली.

बांधणाऱ्यांचं काय झालं?

१९२९ च्या मंदीने श्रीमंत गिऱ्हाईक आटलं. त्यातच मोठमोठ्या प्रेसमधून अख्ख्या पोलादी बॉड्या निघू लागल्या. जे हाताने करायला आठवडे लागायचे, ते मशीन झटक्यात करू लागलं. लिंकनने ‘मॉडेल के’ बंद केली आणि १९४१ साली ब्रन कंपनीलाही कुलूप लागलं.

म्हणजे ‘सनशाईन स्पेशल’ चिलखत चढवायला परत गेली, तेव्हा तिला घडवणारी कंपनीच उरली नव्हती.

ही कला पूर्ण संपली मात्र नाही. १९६१ साली केनेडी यांच्या लिंकनवर काम केलं ते सिनसिनाटीच्या हेस अँड आयझनहार्ट कंपनीने. तिचंही मूळ १८७६ साली सुरू झालेल्या बग्गीच्या कारखान्यात होतं.

आज या दोन्ही गाड्या मिशिगनमधल्या डिअरबॉर्न इथल्या हेन्री फोर्ड म्युझियममध्ये आहेत. केनेडींच्या गाडीला डॅलसमधल्या हत्येनंतर कायमचं छप्पर बसवलं गेलं. तिथून पुढे राष्ट्राध्यक्ष काचेआड गेले ते गेलेच.

आणि ‘सनशाईन स्पेशल’ त्या आधीच्या काळाची साक्ष देत उभी आहे. चालता न येणाऱ्या एका नेत्याला लोकांमध्ये नेणारी, हाताने घडवलेली गाडी.